भीमाच्या गदेला कोंब

आमच्याकडे वेंगुर्ल्यात घरात प्रॉपर्टी म्हटलं की सातबारा, चुलते आणि भांडण, पण नाटकवाल्यांची प्रॉपर्टी म्हणजे गदा, कमंडलू, तलवारी, ही मला गावच्या नाटकात लुडबूड करायला लागल्यावर कळली. आमच्याकडच्या दशावतारी नाटकाला यातलं फारसं लागत नाही, एक बाकडं तेच सिंहासन नि तेच डोंगर. आम्ही मात्र हौशी, आम्हाला सगळं दिसायला पाहिजे.

पहिली गदा मी थर्माकोलची केली. दिसायला एकदम झकास. तालमीला भीमाने ती दोन बोटांत धरून अशी फिरवली की सुतारकाका मागून ओरडले, "काय गो, भीमाच्या हातात उदबत्ती दिलंस काय?"

मग त्यांनीच शिकवलं. वजन दांड्यात नको, टोकाला पाहिजे, म्हणजे उचलताना मनगट आपोआप खाली जातं आणि नटाला खोटं करावं लागत नाही. पडवीत पडलेला असोला, म्हणजे न सोललेला, नारळ घेतला, चांगला किलोभर भरला असता, त्यात बांबू ठोकला, सुंभाने आवळला, वरून मैद्याच्या खळीत भिजवलेले पेपरचे तुकडे थरावर थर. खळीत चिमूटभर मोरचूद टाकायचा, नाहीतर किडे आधी प्रयोग करतात. मे महिन्याच्या उन्हात दोन दिवसांत टणटणीत!

रंगाचं तर मला अजून नवल वाटतं. मी सोनेरी डबाच ओतायला निघाले होते, काका म्हणाले थांब, लाईट पडला की नुसता पांढरा गोळा दिसेल. आधी सगळी गदा चॉकलेटी, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवर सोनेरी, खाचा काळपटच राहू द्यायच्या. हातात घेतली तर अगदी गचाळ, शेवटच्या रांगेतून बघितली तर पितळेची. (आईला जवळून दाखवली ती चूक.)

प्रयोगात भीमाचा खांदा दुखला, पण चालताना तो भीम वाटला.

पावसाळ्यात गदा माळ्यावर टाकली आणि विसरले. गणपतीला सामान काढायला वर गेले तर सोनेरी कागद फोडून बोटभर हिरवा कोंब बाहेर. काका पोट धरून हसले. सुंभ कापून, बांबू उपटून गदा विहिरीच्या कडेला लावलीय, आता दोन पानं आहेत, आणि पुढच्या नाटकाला भीम विचारतोय माझी गदा कुठाय.