मस्कत ते सलाला, खरीफात गाडीने: माझा अनुभव

धोफारात, म्हणजे सलाला आहे त्या दक्षिण ओमानच्या प्रांतात, पावसाळ्याला खरीफ म्हणतात. शब्द ओळखीचा आहे. अरबीतून फारसीमार्गे आपल्या शेतात आला आणि खरीप झाला. या ओळखीनेच घोळ होतो. मस्कतमधली आपली मंडळी पाऊस म्हणजे जून असं धरून निघतात आणि तपकिरी डोंगर बघून परततात. ओमानच्या कॅलेंडरात खरीफ २१ जूनला सुरू होतो आणि २१ सप्टेंबरला संपतो, पण डोंगर हिरवे व्हायला पहिले तीन-चार आठवडे जातात. माझा हिशोब असा: भुरभुर आणि धुकंच हवं असेल तर जुलैचा शेवटचा आठवडा ते १५ ऑगस्ट. दरीपलीकडचं काही दिसायलाही हवं असेल तर ऑगस्टअखेर ते १५ सप्टेंबर.

हा पाऊस कोकणासारखा कोसळत नाही. नैऋत्य मोसमी वारा किनाऱ्याला समांतर वाहतो, वरचं गरम पाणी बाजूला ढकलतो आणि खोलातलं गार पाणी वर येतं. त्यावरून येणारी दमट हवा थंड होऊन धुकं बनते. वर वाळवंटाकडच्या गरम, कोरड्या हवेचं झाकण असतं, म्हणून ढग उंच चढू शकत नाहीत. कमर, करा आणि समहान या डोंगररांगांच्या समुद्राकडच्या अंगाला अडकून बसतात. त्यामुळे हिरवा पट्टा लांब आहे, पण रुंद नाही. कुठे जायचं, कधी जायचं, हे सगळं या झाकणावर ठरतं.

आधी गाडी. अंतर सुमारे १,००० किलोमीटर, त्यातलं बहुतेक ४० अंशांच्या वरच्या तापमानात. पहिली तपासणी टायरची. टायरच्या कडेला चार आकडी अंक असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसो, पाच वर्षं उलटलेल्या टायरवर मी हा रस्ता घेणार नाही. आखातातल्या उन्हात रबर आतून वाळतं, आणि १२० च्या वेगाने सलग दोन तास चालवल्यावर ते फुटतं. स्टेपनीचीही तारीख बघा. ती वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. मग कूलंट, पट्टे, बॅटरी आणि वायपरची रबरं. वायपर मस्कतमध्ये वर्षभर लागत नाहीत, त्यामुळे त्यांची रबरं उन्हाने कडक झालेली असतात; सलालाआधीच्या घाटात पहिल्यांदा फिरवले की काचेवर नुसता चिखल सारवला जातो. नवी जोडी घालूनच निघायचं. काच धुवायच्या टाकीत साबणाचे दोन थेंब टाकले तर बरं. पाणी माणशी पाच लिटर. रेसिडेंट कार्ड किंवा पासपोर्ट हाताशी ठेवा, वाटेत चौक्या आहेत.

रस्ता निझवा, अदम, घाबा, हैमा, घफतैन, कितबित, थुमरैत असा. हैमा साधारण अर्ध्यावर. पहाटे चारला निघालं आणि थांबे धरून बारा तास लावले तर दुपारी चारला घाट उतरता येतो, आणि उजेडातच उतरायचा, हा एक नियम मोडू नये. लहान मुलं किंवा आई-वडील बरोबर असतील तर हैम्याला मुक्काम करा. अदम सोडल्यावर टाकी अर्धी झाली की भरायची; पुढचा पंप दिसेल या भरवशावर राहू नये. लिटरला १२ किलोमीटर देणाऱ्या गाडीला एका बाजूला ८५ लिटरच्या आसपास पेट्रोल लागतं. मधल्या काही टप्प्यांत मोबाइलला रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यावा. हैम्याच्या पुढे वारा आडवा येतो आणि रस्त्यावर वाळूच्या जिभा सरकत असतात. वाळूवर ब्रेक मारायचा नाही. आधीच वेग कमी करून सरळ जायचं. अंधार पडल्यावर उंट. त्याचे पाय बारीक आणि धड काचेच्या उंचीला, त्यामुळे धडकेत तो टपावर येतो. रात्रीच्या प्रवासाला माझा विरोध झोपेमुळे नाही, यासाठी आहे.

समुद्राकडून, दुकमवरूनही रस्ता आहे, आणि देखणा आहे, पण लांब पडतो आणि खरीफाच्या महिन्यांत तिथे वाळू फार उडते. तो ऑक्टोबरनंतरसाठी ठेवा.

थुमरैतहून सलाला ८० किलोमीटर. यातला शेवटचा भाग सगळ्यात अवघड. कैरून हैरितीजवळ माथा येतो. तोवर ऊन असतं, आणि काही मिनिटांत समोरची गाडी दिसेनाशी होते. इथे तीन गोष्टी एकदम घडतात. बाहेरचं तापमान वीसेक अंशांनी उतरतं, पण एसी वाळवंटातल्या आकड्यावरच असतो, म्हणून काचेवर बाहेरून दव धरतं आणि वायपर मारला तरी लगेच परत येतं. एसी कमी करून गार हवेचा झोत काचेवरून काढला की ते थांबतं. रस्त्यावर महिन्यांची धूळ आणि डिझेलचा थर असतो, वर भुरभुर पडून त्याचा लोण्यासारखा लेप होतो. आणि उतारावर ट्रक असतात. थुमरैतच्या बाजूचं जिप्सम या रस्त्याने सलाला बंदरात जातं. त्याचा मोठा गिऱ्हाईक भारत आहे, आपल्या सिमेंटात ते पडतं. भरलेल्या ट्रकच्या मागे राहण्यात कमीपणा नाही. खालचा गिअर, लो बीम, फॉग लाइट, आणि चार सेकंदांचं अंतर. चालत्या गाडीला चारी इंडिकेटर लावू नका. मागच्याला वाटतं तुम्ही उभे आहात.

सलालात तीन दिवस पुरतात. दिवसाचा बेत आदल्या रात्री ठरवू नये. सकाळी डोंगराकडे बघावं. ढग पायथ्यापर्यंत उतरलेला असेल तर वरच्या 'व्ह्यू पॉइंट'वर जाऊन पांढऱ्या भिंतीचे फोटो मिळतील, बाकी काही नाही. अशा दिवशी खाली राहायचं किंवा पूर्वेला मिरबातकडे सरकायचं. तिकडे पट्टा विरळ होतो आणि बरेचदा ऊन असतं. पश्चिमेला, रखयूत-धलकूतकडे, धुकं सगळ्यात दाट. छत्री नेऊ नये. पाणी आडवं येतं; पातळ रेनकोट हवा. आणि गवतावर गाडी घालायची नाही. दंड होतो तो वेगळाच, पण खालची माती चिकण आहे, चार चाकं फिरणारी गाडीसुद्धा रुतते.

पश्चिमेला ४० किलोमीटरवर मुघसैल. चुनखडीच्या खडकातल्या भोकांतून लाट कारंज्यासारखी उसळते; भोकांवर आता लोखंडी जाळ्या आहेत. खरीफातच ती जोरात असते, आणि खरीफातच समुद्र माणसं नेतो. जुलै २०२२ मध्ये कुंपण ओलांडून गेलेल्या पर्यटकांना लाटेने ओढून नेलं, त्यात मराठी माणसंही होती. खडक ओला दिसत असेल तर लाट तिथवर येऊन गेलेली आहे, एवढं समजून कुंपणाच्या आत राहावं. पुढे धलकूतकडे जायचं असेल तर लष्कराची चौकी लागते. ओळखपत्र नसेल तर परत फिरावं लागतं.

पूर्वेलाही चाळीसच्या आसपास. वर दरबातची दरी, आणि तिचं पाणी समुद्राला मिळतं तिथे खोर रोरीच्या काठी सुमहुरम. लोक दरबातला चार तास घालवतात आणि सुमहुरमला वीस मिनिटं. मी उलटं करा म्हणेन. हे हदरमौतच्या (आजच्या येमेनमधल्या जुन्या राज्याच्या) राजांनी लोबानासाठी, म्हणजे धूप म्हणून जाळतात त्या डिंकासाठी, वसवलेलं बंदर, इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकाच्या सुमारापासून पुढे कित्येक शतकं चाललेलं. दरवाज्यात जुन्या दक्षिण अरबी लिपीतले शिलालेख आहेत, ते न बघता लोक आत जातात. इथे उत्खननात भारतीय बनावटीची काशाची स्त्रीमूर्ती सापडली. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी व्यापाराच्या पुस्तकात मोस्का म्हणून जे बंदर येतं ते हेच मानतात: भरूच आणि मलबारकडून येताना उशीर झालेली जहाजं इथे हिवाळा काढत आणि कापड, गहू, तिळाचं तेल देऊन लोबान घेत. पैठण आणि तेरचा माल तेव्हा भरूचलाच उतरत होता. म्हणजे यातलं काही कापड मराठवाड्याचंही असणार, असा माझा तर्क. खाडीच्या तोंडाशी आता वाळूचा बांध दिसतो.

शहरातलं अल बलीद हे नंतरचं बंदर, मध्ययुगातलं जफार. इथून घोडे भारतात जात. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता चौदाव्या शतकात येऊन गेला; विड्याची पानं आणि नारळ भारताखेरीज इथेच होतात, आणि जनावरांना सुकी मासळी चारतात, असं त्याने नोंदवलं. नारळ आणि केळी आजही रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर लटकलेली असतात. धोफारात मासळीचा चारा अजून आहे. तार्ली खरीफ संपल्यावर किनाऱ्यावर वाळत घालतात. या सागरी वाटेवरचं आजचं सलाला बंदर १९९८ सालचं, रैसूतला, मुख्यतः एका जहाजावरचे कंटेनर दुसऱ्यावर चढवण्याचं.

बाजारात लोबान घेताना एक अडचण येते. आपण ऊद म्हणून मागितलं तर दुकानदार अगरूचं लाकूड काढतो, आणि त्याचा दर ऐकून माणूस बाहेर पडतो. 'लुबान' म्हणायचं. प्रतींमध्ये होजरी सगळ्यात वरची. खडा उजेडाकडे धरला तर हिरवट किंवा दुधी, आरपार दिसणारा हवा. सालीचे कण कमी. एक खडा चावून बघा: आधी कुरकुरीत फुटतो, मग च्युइंगगमसारखा पांढरा होतो. तोंडात विरघळून गेला तर तो साधा डिंक. जाळल्यावर पांढरा धूर आणि लिंबासारखा वास यायला हवा.

लोबानाची झाडं बघायची तर परतीच्या वाटेवर, उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवर वादी दौका. सुमहुरम, अल बलीद, शिसर (वाळवंटातलं जुनं ठाणं) आणि ही वादी मिळून २००० साली जागतिक वारसा यादीत गेले. गंमत अशी की हे झाड खरीफाच्या पट्ट्यात वाढत नाही. त्याला डोंगरामागची कोरडी बाजू लागते. सातपुड्यातली सालई याचीच जवळची बहीण. एप्रिलच्या सुमारास मनकफ नावाच्या हत्याराने साल थोडी खरवडतात. पहिला चीक हलका. दोनेक आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा खरवडतात, आणि तिसऱ्या खेपेपासून चांगला माल लागतो. खोलवर घाव घातला तर झाड वाळतं. आपण सुरी काढून प्रयोग करू नये, मुलांनाही करू देऊ नये.

थुमरैतला टाकी भरायची. टायरची हवा मात्र सलालात, गाडी थंड असतानाच, दारावरच्या पट्टीप्रमाणे बघून घ्या. वाळवंटात तीच हवा तीन-चार पौंडांनी जास्त दाखवते. घाबरून काढू नका. काढली तर टायर आणखी दबतो, आणखी तापतो, आणि हैम्याच्या अलीकडे कुठेतरी फुटतो.