माझ्या पायाखाली

अप्पांना खळ्यात चक्कर आली, वाडीतल्या मुलांनी धरून पडवीत आणलं, डॉक्टर येऊन बीपी बघून गोळी बदलून गेलेसुद्धा. हे सगळं झालं तेव्हा मी माडीवर होते, कानात हेडफोन. आणि मला कळलं आज. तेही वहिनी आठळ्या सोलता सोलता सहज बोलून गेली म्हणून.

“तुझं काम चाललं होतं ना, कशाला उगाच घोर लावायचा?” आई म्हणाली.

अप्पा आता बरे आहेत. आईशी मी जे बोलले ते लिहीत नाही. मला टोचतंय ते वेगळंच. त्या संध्याकाळी मी खाली येऊन चहा घेतला, अप्पांशी आंब्याच्या पेट्यांचं बोलले, परत वर गेले. माझ्या दिवसाला कुठे साधा ओरखडाही उठला नाही.

आणि वर बसून मी काय करत होते? केव्हीएमचा, म्हणजे एका संगणकात आभासी संगणक चालवणाऱ्या लिनक्सच्या भागाचा कोड वाचत होते, त्यातही गेस्टच्या, म्हणजे त्या आतल्या आभासी संगणकाच्या मेमरीचा. गेस्ट सुरू होताना त्याला सांगतात, तुझी मेमरी आठ जीबी. खरं तर त्यातली बहुतेक अजून दिलेलीच नसते. तो एखाद्या पेजला, म्हणजे मेमरीच्या एका छोट्या तुकड्याला, पहिल्यांदा हात लावतो, ईपीटीच्या तक्त्यात (गेस्टचं कुठलं पेज खऱ्या मेमरीत कुठे आहे ते सांगणाऱ्या) नोंद सापडत नाही, आणि प्रोसेसर त्याला तिथेच थांबवून ताबा हायपरव्हायजरकडे, म्हणजे गेस्टला चालवणाऱ्या प्रणालीकडे देतो. प्रोसेसरच्या यादीत हे थांबवण्याचं कारण क्रमांक ४८. होस्ट, म्हणजे बाहेरचा खरा संगणक, चार केबीचं पेज शोधतो, नोंद भरतो, गेस्टला परत आत सोडतो. अडलेली सूचना पुन्हा पहिल्यापासून चालते. गेस्टच्या लेखी मध्ये काही घडलेलंच नसतं. त्याचे स्वतःचे पेज फॉल्ट, म्हणजे हवं ते पेज जागेवर न सापडणं, तो स्वतः निस्तरतो, ईपीटी असली की ते होस्टपर्यंत येतही नाहीत. हा दुसरा फॉल्ट मात्र त्याच्या पायाखालचा.

इतकी वर्षं मला यात सौंदर्य दिसायचं. आज दिसेना.

नवं कोरं पेज द्यायचं असेल तर काम क्षणात होतं. पण होस्टनं ते पेज स्वॅपमध्ये, म्हणजे मेमरीतून काढून डिस्कवर, टाकलेलं असेल तर ते परत येईपर्यंत व्हीसीपीयूचा, म्हणजे गेस्टच्या आभासी प्रोसेसरचा, थ्रेड झोपून राहतो. गेस्टला गेलेल्या वेळेचा हिशेब देणारा स्टील टाइम नावाचा आकडा आहे, पण त्यात मोजली जाते ती प्रोसेसरच्या रांगेत ताटकळण्याची वेळ. पेजची वाट बघत झोपलेली वेळ त्यात धरत नाहीत. म्हणजे ती वेळ जाते आणि तिची नोंदही गेस्टच्या हाती लागत नाही. दुपारभर मी याच एका गोष्टीशी अडून बसले. घरात राहून घरातली नसल्यासारखं वाटलं, जेवले नाही, वहिनीनं ताट झाकून ठेवलं.

मग पुढचा भाग वाचला. लिनक्सच्या २.६.३८ मध्ये, २०११ साली, केव्हीएममध्ये असिंक पेज फॉल्ट आला. गेस्टनं आधी तयारी कळवलेली असेल तर होस्ट त्याला सांगतो की हे पेज आत्ता नाही, आणायला वेळ लागेल. गेस्ट ते पेज मागणारी प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, बाजूला ठेवून दुसरी चालवतो. पेज आलं की पुन्हा निरोप. म्हणजे सांगता येतं! पण प्रत्येक वेळी नाही. गेस्ट स्वतःच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, अशा जागी असेल की तिथून दुसऱ्या कामाकडे वळणंच शक्य नाही, तर निरोप देऊन उपयोग नसतो, उलट घोटाळाच व्हायचा. तेव्हा होस्ट गुपचूप थांबवतो. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी दोन्ही वाटा ठेवल्या, आणि कुठली केव्हा हे तपासून ठरवलं. हे वाचून माझा राग बराच उतरला. त्या वेळी मी हेडफोन काढून खाली आले असते तरी काय केलं असतं? डॉक्टरांना फोन वहिनीनंच केला होता, मला त्यांचा नंबरसुद्धा ठाऊक नाही.

पण नंतर? काम आटोपल्यावर? चहाच्या वेळी?

रात्री वहिनीला म्हटलं, मीटिंग चालू असताना नको सांगूस, पण संपली की जिन्यातून हाक मार. डॉक्टरांचा नंबर घेतला. ती हो म्हणाली. आईला अजून पटलेलं नाही.