पेजेची वाटी

आषाढातल्या त्या गुरुवारी वाळपईहून येणारी बस दीड तास उशिरा आली, आणि केवळ त्यामुळे, आठ महिने माझ्याकडे व्यायामासाठी येणाऱ्या एका मुलाला मी पहिल्यांदा जेवताना पाहिले. गोव्यात डिचोलीतील एका धर्मादाय दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट आहे. सेरेब्रल पाल्सी असलेली, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर पुरता ताबा नसलेली मुले आमच्याकडे आठवड्यातून एकदा येतात. हा मुलगा सत्तरी तालुक्यातला, पाच वर्षांचा. जन्मल्यावर रडायला उशीर झालेला, हातपाय ताठ, मान अजून पुरती न धरणारा, वजन जेमतेम नऊ किलो. वर्षभरात तीनदा न्यूमोनिया होऊन तो बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, राहून आला होता. दर वेळी बरा होऊन घरी जाई आणि महिन्या-दोन महिन्यांत छाती पुन्हा घरघरू लागे. अशी मुले नाजूकच असतात, असे म्हणून आम्ही मोकळे झालो होतो. 'आम्ही' म्हणणे ही खरे तर माझी पळवाट आहे, कारण त्याचे घोटे, गुडघे आणि मांड्या किती अंशांपर्यंत उघडतात याची नोंद माझ्याच वहीत होती आणि तो जेवतो कसा याबद्दल त्याच वहीत एक ओळ नव्हती.

त्याच्यासोबत आई आणि आजी आल्या होत्या. जेवणाची वेळ टळली म्हणून आजीने व्हरांड्यातच डबा उघडला. पाय लांब करून तिने नातवाला मांडीवर उताणे घेतले, त्याची मान कोपरावरून मागे कलली, आणि उकड्या तांदळाची पातळ पेज ती चमच्याने सरळ घशाकडे सोडू लागली. दुसऱ्या चमच्याला त्याचे डोळे पाणावले, तिसऱ्याला अंग कमानीसारखे ताठले. खोकला मात्र आला नाही, आणि मला खटकले ते हेच. श्वास ओला झाला होता, घशात पाणी खुळखुळावे तसा. मान मागे पडली की गिळणे अवघड होते आणि श्वासनलिका उघडी राहते. त्यातून अशा काही मुलांची खोकून बाहेर टाकण्याची प्रतिक्षिप्त क्रियाच दुबळी असते, त्यामुळे घास फुप्फुसात उतरला तरी बाहेर कुणाला कळत नाही.

"आजी, जरा थांबा."

"बसवला तर मान टाकतो, बाय. पाच वर्षं अस्साच भरवलाय."

तिचे खोटे नव्हते. नुसते बसवून तो मान टाकतच होता. डॉक्टरांनी छाती तपासली, दुसऱ्याच दिवशी बांबोळीला दाखवायची चिठ्ठी दिली, आणि तोवर भरवायचे कसे, हे आम्ही व्हरांड्याच्या कोपऱ्यात लहान खुर्ची ठेवून शोधू लागलो. कंबर आणि गुडघे काटकोनात वाकवले की ताठा बराच उतरतो. दोन्ही कुशींना टॉवेलच्या गुंडाळ्या, पावलांखाली पाट, आणि मी समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीत बसले, म्हणजे वर बघायला त्याला मान उचलावी लागू नये. हनुवटी किंचित खाली. पेज शितांसकट घोटून दाट केली. उथळ चमचा जिभेच्या मधोमध हलका दाबला आणि वरच्या दातांना न घासता सरळ बाहेर घेतला. मग वाट पाहिली. किती वेळ गेला सांगता येणार नाही, पण त्याचा गळा वर सरकून खाली आलेला आम्ही तिघींनी पाहिला.

अर्धी वाटी संपायला चाळीस मिनिटे लागली. आई तोवर गप्प होती. मग म्हणाली, "ताई, मी कुळागरात रोजावर जाते. इतका वेळ दिवसातून तीनदा कुठून आणू?" यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हते, आणि घरी करायच्या व्यायामांचे कागद हातात देताना आजवर हा हिशेब मी कधी केला नव्हता, हेही खरे. शेवटी डॉक्टरांच्या सल्ल्याने पेजेत तूप, घोटलेली डाळ आणि नारळाचा रस घालायचे ठरले, म्हणजे थोड्या चमच्यांत अधिक पोटात जाईल. जेवणानंतर अर्धा तास त्याला आडवे करायचे नाही. आणि दुपारचे जेवण आजीकडे.

चतुर्थीनंतर ती दोघे आली तेव्हा वजन सहाशे ग्रॅमनी वाढलेले होते. ताप मधे एकदा येऊन गेला होता. मी वाटी घेऊन समोर बसले, तोच आजीने माझ्या हातातला चमचा काढून घेतला. "सरा बघू. तुम्ही लई घाई करता, त्याचं अजून गिळून व्हायचंय."