बोलावणं येईपर्यंत

"काका, पायलटसाठी हवाई दलाच्या निवड मंडळाकडून रेकमेंड झालो, मेडिकलही फिट आलं. आता अकादमीत जाईपर्यंत करू काय?" हवाई दलातून निवृत्त होऊन ठाण्यात राहायला आल्यापासून हा प्रश्न मला सतत येतो. कधी उपवनला फिरताना, कधी सोसायटीच्या लिफ्टमध्ये, आणि बऱ्याचदा मुलाऐवजी त्याच्या बाबांकडून. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आधी एक खुलासा. रेकमेंड आणि फिट म्हणजे निवड नव्हे. त्यानंतर मेरिट लिस्ट लागते आणि जागा असतील तितक्यांनाच बोलावणं येतं. हैदराबादजवळच्या डुंडिगलला हवाई दलाची अकादमी आहे; तिथे कोर्स सुरू होतात जानेवारीत आणि जुलैत, त्यामुळे मधले काही महिने लटकत काढावे लागतात. पेढे वाटायचे तर वाटा. नोकरीचा राजीनामा मात्र पत्र हातात पडल्यावर. आणि स्थळं घेऊन येणाऱ्या मावशीला प्रेमाने थोपवा. पंचविशीच्या आत लग्न झालेलं चालत नाही, आणि प्रशिक्षण चालू असताना तर कोणालाच लग्न करता येत नाही.

आता शरीर. सगळ्यांना वाटतं, या दिवसांत जोरदार कमवायचं. मी म्हणतो, डॉक्टरांनी जे शरीर तपासलं तेच धडधाकट डुंडिगलला पोहोचवा. रोज धावा, पोहायला येत नसेल तर महापालिकेच्या तलावात शिकून घ्या, वजन आहे तिथे ठेवा, नवा टॅटू काढू नका. आमच्या ओळखीतला एक मुलगा घोडबंदरच्या टर्फवर बॉक्स क्रिकेट खेळत होता. एक चोरटी धाव घ्यायला वळला, बूट टर्फमध्ये अडकला, गुडघ्याचा लिगामेंट गेला. कोर्स त्याच्याशिवाय सुरू झाला. टर्फची बुकिंगं मित्रांनाच करू द्या, तुम्ही बाहेर उभं राहून स्कोर लिहा.

बाबा मंडळींचा लाडका प्रश्न म्हणजे, "कॉम्प्युटरवर सिम्युलेटर आणून देऊ का?" माझं उत्तर नाही. मी काही वर्षं शिकवण्याचं काम केलंय. घरी सिम्युलेटर खेळून आलेला मुलगा लगेच ओळखू येतो, कारण त्याची नजर डायलवर खिळलेली असते. सुरुवातीचं उड्डाण बाहेर बघून करायचं असतं. क्षितिज विमानाच्या नाकाच्या किती वर आहे, पंख किती कललाय, हे आधी डोळ्यांनी, आणि मग खात्रीपुरती एक नजर आत. लागलेली सवय मोडण्यात शिकवणाऱ्याचे आणि शिकणाऱ्याचे, दोघांचेही तास जातात, आणि तास मोजून मिळतात.

त्यापेक्षा तोंडी हिशेब पक्का करा. कॉकपिटमध्ये एक हात कंट्रोलवर, कानात रेडिओ, शेजारी इन्स्ट्रक्टर. तिथे कागद-पेन्सिल काढायला सवड कुठली? ठाणे ते सीएसएमटी रुळाने ३४ किलोमीटर, म्हणजे साधारण १८ सागरी मैल. १२० नॉटने, म्हणजे तासाला १२० सागरी मैलांनी, मिनिटाला २ मैल, म्हणून ९ मिनिटं. समोरून २० नॉटचा वारा लागला तर? साधारण ११. ३ अंश भरकटलात तर? ६० मैलांत १ अंशाला १ मैल, या हिशेबाने १८ मैलांत जवळजवळ १ मैल बाजूला. लोकलमध्ये दारात लटकून हे करता आलं तर हवेतही येईल.

कोपरखैरण्याची एक मुलगी हे फार छान करते. मुंबईत उतरणारी विमानं बहुतेक वेळा पूर्वेकडून, खाडी ओलांडून येतात. तिच्या गच्चीपासून धावपट्टी सरळ रेषेत सुमारे ७ सागरी मैल. विमान ३ अंशांच्या उताराने येतं, म्हणजे मैलाला सुमारे ३०० फूट. डोक्यावर आलेलं विमान दिसलं की ती आधी "२,१०० फूट" म्हणते आणि मग मोबाईलवर पडताळून बघते. मी तिला पुढचा प्रश्न दिला : ही विमानं समुद्राकडे तोंड करूनच का उतरतात? विमान वाऱ्याच्या समोर उतरवतात, एवढं तिला माहीत होतं. पण शाळेत भूगोलात घोकलेले, दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीवरून जाणारे मतलई वारे इथे कामाला येतात, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं. आता ती रोज सकाळी विमानतळाचा हवामान अहवाल वाचते, येऊरच्या डोंगरावर ढग किती खाली आलेत ते बघते आणि दुपारचा अंदाज वहीत लिहून ठेवते. संध्याकाळी तो किती चुकला तेही लिहिते. मला त्या वहीचं कौतुक जास्त आहे.

रेडिओवर मिळालेली सूचना ऐकून तशीच परत म्हणावी लागते. त्याचा सराव घरी होतो. आईने बाजाराची यादी एकदाच सांगायची, लिहून घ्यायची नाही, आणि तुम्ही ती क्रमाने, आकड्यांसकट परत म्हणायची. पाव किलो आलं आणि अर्धा किलो आल्यात घोळ झाला की आई ऐकवतेच.

बाकी इस्त्री, बुटांना पॉलिश, पहाटे गजराशिवाय उठणं, हे येत नसेल तर आत्ताच शिका. अकादमीत गेल्या गेल्या कोणी पिलाटस या शिकाऊ विमानात बसवत नाही; आधी ड्रिल, पीटी आणि वर्ग.

राहिला पैशाचा प्रश्न. "तोवर एखाद्या फ्लाइंग क्लबात थोडे तास करून घेऊ दे का?" असं विचारणारे बाबा लाखांच्या तयारीत असतात. हवाई दल शून्यापासून शिकवतं, आणि प्रशिक्षणातल्या एका वर्षासाठी महिना ५६,१०० रुपये स्टायपेंड वर देतं. ते लाख बँकेतच राहू द्या. मेरिट लिस्टमध्ये नाव आलं नाही, तर मुलाला पुढचं काही शिकायला उपयोगी पडतील.