गवार की मेथी?

आमच्या घरात ११ सप्टेंबर २००१चा विषय निघाला की भांडण हमखास भाजीवरून होतं. त्या संध्याकाळी आई गवार मोडत होती, असं मी म्हणतो. दादाच्या मते ती मेथी निवडत होती. आई स्वतः या वादात पडत नाही.

बाकी सगळ्यावर एकमत आहे. मंगळवार, दिवेलागणीची वेळ. समोरच्या काकूंचा फोन आला, "टीव्ही लावा." आईने विचारलं, "कुठलं चॅनल?" "अहो, कुठलंही लावा!" मग जे बसलो ते जेवायचंच विसरलो. आईच्या मांडीवर ताट, ताटात शिरा काढलेल्या शेंगा (शेंगाच, दादा काहीही म्हणो), आणि समोर धूर. मावशीचा मुलगा तेव्हा न्यू जर्सीत होता. मावशी रात्रभर फोन लावत होती आणि "या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत" म्हणणाऱ्या बाईवर खेकसत होती. पहाटे त्याचाच फोन आला.

पहिलं विमान आदळताना लाइव्ह पाहिल्याचंही मला स्वच्छ आठवतं. पण ते आदळलं आपल्याकडच्या सहा वाजून सोळा मिनिटांनी, आणि ते थेट कोणीच दाखवलं नव्हतं. लाइव्ह दिसलं ते सतरा मिनिटांनी आलेलं दुसरं. काकूंचा फोन तर त्याच्याही नंतरचा. पण खुद्द जॉर्ज बुशही पुढे जाहीर सभेत सांगत होते, की शाळेतल्या वर्गात जाण्याआधी आपण पहिलं विमान टीव्हीवर पाहिलं. तिथे आमची काय कथा!

१९८६मध्ये चॅलेंजर यान उड्डाणानंतर फुटलं. दुसऱ्याच सकाळी उल्रिक नाइसर या मानसशास्त्रज्ञाने बातमी कुठे, कशी कळली ते विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं. अडीच-तीन वर्षांनी तेच पुन्हा विचारलं, तर ४४ पैकी ११ जणांचं सगळंच्या सगळं चुकलं. बरं, बोलणं मात्र छातीठोक.

हे मी दादाला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तो म्हणाला, "बघ, म्हणजे मेथीच."

गेल्या दिवाळीत माळा आवरताना आईच्या हिशेबाच्या वह्या सापडल्या. २००१ची काढली. मंगळवार, ११ : दूध १ लिटर, कोथिंबीर, भेंडी अर्धा किलो.

वही आईपुढे धरली. तिने चष्मा पदराला पुसून दोनदा वाचलं.

"अक्षर माझंच आहे," ती म्हणाली, "पण होती गवारच."