रेकास्टिंग मेझ: तिरक्या भिंती अखेर सरळ

भिंती सरळ झाल्या! हा पायथनमधला मेझ (भूलभुलैया) रेकास्टिंगने काढलेला आहे: पडद्याच्या प्रत्येक उभ्या कॉलमसाठी एक किरण सोडायचा आणि भिंत किती लांब लागते त्यावरून तिथली पट्टी किती उंच काढायची ते ठरवायचं. फिशआयची, म्हणजे भिंती फुगीर दिसण्यावरची, कोसाइन दुरुस्ती (किरणाचं अंतर × त्याच्या कोनाचा कोसाइन = नजरेच्या दिशेतलं लंब अंतर) मागच्या नोंदीतच बसली होती, तरी ४५ अंशांतून पाहिलं की भिंतीची वरची कड धनुष्यासारखी वाकायची आणि वळताना कडेच्या विटा चेपल्या जायच्या.

डीडीए (नकाशाच्या चौकोनी घरांतून, म्हणजे ग्रिडमधून, किरण पुढे नेत भिंत शोधायची पद्धत) निर्दोष होता, ग्रिडवरचे छेद बरोबर येत होते. चुकवत होती ती समोरच्या भिंतीवरची चाचणी. अगदी समोरच्या भिंतीचं लंब अंतर सगळ्या किरणांना सारखंच, त्यामुळे तिची कड सरळच दिसणार. तपासायचं तर भिंत तिरकी घ्या.

दोष होता कोन वाटण्यात. नजरेच्या टप्प्याचे ६० अंश पडद्याच्या ६४० कॉलममध्ये सारखे वाटले की प्रत्येकाला ०.०९३७५ अंश मिळतो. पण पडदा सपाट आहे: मधल्या कॉलमला ०.१०३ अंश हवा, अगदी कडेच्याला ०.०७८. मध्यापासून १६० पिक्सेलवरचा किरण १५ नव्हे, १६.१ अंशांवर सुटला पाहिजे. म्हणून आधी पडद्याचं अंतर काढा: ३२० ÷ टॅन ३० = ५५४.२६. मग (कॉलम + ०.५ − ३२०) ÷ ५५४.२६ याचा व्यस्त टॅन म्हणजे त्या कॉलमचा कोन. कोसाइनची दुरुस्ती तशीच राहू द्या. ते ०.५ गाळलं तर डावी-उजवी बाजू जुळत नाही.

कोनांचं टेबल एकदाच भरून ठेवायचं ठरलं होतं, पण हे मांडताना लक्षात येतंय की टेबलच नको. खेळाडूच्या कोनावरून दिशा (कॉस, साइन) आणि तिला काटकोनातलं प्लेन, म्हणजे पडद्याचा व्हेक्टर, (−साइन, कॉस) × ०.५७७ (टॅन ३०) घेतलं की किरण = दिशा + प्लेन × (डाव्या कडेला −१ ते उजव्या कडेला १). यात डीडीएचं अंतर थेट लंबच येतं, कोसाइनही गेला. ग्रिडचा वाय खाली वाढत असेल तर हीच चिन्हं ठेवा. उलटली की अख्खा मेझ आरशातला दिसतो. दोन्ही व्हेक्टर दर फ्रेमला एकाच कोनातून नव्याने काढा. फिरवत राहिलात तर चूक साचत जाते. पायथनमध्ये किरणाचा एक्स किंवा वाय घटक शून्य आला की भागाकारावर प्रोग्राम थांबतो. तिथे अनंत नको, मोठी पण सांत संख्या द्या: अनंत गुणिले शून्य पुढे गोंधळ घालतं.

६४×६४ पिक्सेलचं टेक्स्चर (भिंतीवरचं विटांचं चित्र) आता सुरेख बसतंय, वळताना वीट हलत नाही! पायगेम (पायथनची खेळ बनवायची लायब्ररी) शिकायला उत्तम, पण पिक्सेलमागून पिक्सेल भरायला नाही. कॉलमची पट्टी स्केल करा. भिंतीपासून ०.०५ घरावर पट्टी ११,००० पिक्सेल उंच होते आणि फ्रेमरेट कोसळतो. खेळाडूला ०.२ त्रिज्या दिली की ती ३,२०० च्या आत राहते.

पुढे स्प्राइट्स (मेझमधल्या वस्तूंची सपाट चित्रं) होते. आता आधी फरशी: प्लेनमुळे दोन्ही टोकांचे किरण हातात आहेत, ४०० पिक्सेल उंच पडद्यावर फरशीच्या ओळीचं अंतर = २०० ÷ (ओळ − २००) × ५५४.२६ ÷ ४००, आणि नमपायने (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) पूर्ण ओळ एकदम भरता येते. स्प्राइट्ससाठी लागणारी ६४० लंब अंतरं मात्र आतापासूनच साठवायला लागायचं.