नवं स्टेडियम खासगी पैशातून, पण जुन्याचं काय?

नव्या स्टेडियमची घोषणा झाली की हल्ली पहिलं वाक्य ठरलेलं असतं, सगळा खर्च खासगी, जनतेच्या खिशाला तोशीस नाही. मला हे मनापासून आवडतं, कारण अब्जाधीश टीममालकाला लोकांच्या टॅक्समधून इमारत बांधून द्यायची हे मला कधीच पटलेलं नाही, आणि या विषयावर वर्षानुवर्षं काम करणारे अर्थतज्ज्ञ सुद्धा जवळपास एकमुखाने सांगतात की असा ओतलेला सरकारी पैसा शहराला परत मिळत नाही. पण मध्यंतरी यावर मिळेल ते वाचत सुटले आणि एक गोष्ट डोक्यातून जाईना. त्या घोषणेत जुन्या स्टेडियमबद्दल अवाक्षर नसतं. टीम चालली नव्या जागी, ठीक आहे, पण मागे राहिलेली इमारत, तिच्यावरचं उरलेलं कर्ज, तिच्याखालची मोक्याची जमीन, हे कुणाच्या गळ्यात? माझं म्हणणं एवढंच आहे की जुन्याचा हिशोब नव्याच्या करारातच लिहिला गेला पाहिजे, पाया खोदायच्या आधी.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचं बघा. गोल्डन स्टेट वॉरियर्स ही बास्केटबॉल टीम 2019 मध्ये खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेली, तिथलं चेस सेंटर त्यांनी स्वतःच्या जमिनीवर आणि स्वतः उभ्या केलेल्या पैशातून बांधलं, खर्च साधारण 1.4 अब्ज डॉलर. पण ओकलंडमधलं त्यांचं जुनं अरेना, म्हणजे बंदिस्त स्टेडियम, 1990 च्या दशकात याच टीमसाठी आतून नव्याने बांधून काढलं होतं आणि त्यासाठी शहर आणि काउंटीने (म्हणजे जिल्ह्याने) मिळून बाँड, म्हणजे कर्जरोखे, काढले होते. टीम निघाली तेव्हा त्यातले 4 कोटी डॉलरच्या आसपास फेडायचे बाकी होते. टीम म्हणाली आमचा करार संपला, आता हप्ते आमचे नाहीत. म्हणजे भाडेकरूच्या सोयीसाठी घरमालकाने कर्ज काढून खोल्या वाढवायच्या आणि किल्ली परत देताना भाडेकरूने म्हणायचं की हप्त्यांचं तुमचं तुम्ही बघा. 2018 मध्ये लवादाने टीमच्या विरोधात निकाल दिला, टीम कोर्टात गेली, तिथेही हरली, वरच्या कोर्टात पण हरली, आणि 2021 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला तेव्हा कुठे विषय मिटला. शहर जिंकलं याचा आनंद आहे, पण जिंकलं म्हणून प्रश्न नव्हताच असं होत नाही ना. करार थोडा ढिला असता तर ते 4 कोटी, ज्यांच्याकडून टीम गेली त्याच लोकांनी भरले असते.

न्यू जर्सीत काय झालं? जायंट्स आणि जेट्स या दोन अमेरिकन फुटबॉल टीमनी मिळून नवं स्टेडियम उभं केलं, 1.6 अब्ज डॉलर, 2010 मध्ये सुरू झालं. जुनं जायंट्स स्टेडियम शेजारीच होतं, ते त्याच वर्षी पाडलं आणि त्या जागी पार्किंग झालं. पण त्या पाडलेल्या स्टेडियमवर 10 कोटी डॉलरपेक्षा जास्त सरकारी कर्ज तेव्हाही शिल्लक होतं. इमारत नाही, सामने नाहीत, हप्ते मात्र चालू. सिएटलचं किंगडोम हे छपराचं स्टेडियम तर 26 मार्च 2000 ला सुरुंग लावून काही सेकंदात जमीनदोस्त केलं आणि त्याचं कर्ज फिटलं 2015 मध्ये! पंधरा वर्षं लोक अशा छपराचे पैसे भरत होते जे अस्तित्वातच नव्हतं. (किंगडोमनंतर आलेल्या दोन्ही स्टेडियममध्ये सरकारी पैसा होता, त्यामुळे ते खासगीचं उदाहरण नाही, पण कर्ज इमारतीपेक्षा जास्त जगतं हे त्यातून नीट कळतं.)

आता खासगी म्हणजे नक्की काय ते पण थोडं. मालकाचा स्वतःचा पैसा असतो, बँकांचं कर्ज असतं, स्टेडियमला नाव द्यायचे हक्क विकून आलेले पैसे असतात, महागड्या बॉक्सचं आगाऊ भाडं असतं, आणि अमेरिकेत तर सीट लायसन्स म्हणून प्रकार आहे, म्हणजे तिकीट विकत घ्यायचा हक्क मिळावा म्हणून आधी वेगळे पैसे मोजायचे. शेवटी बराचसा भार चाहत्यावरच येतो, फक्त टॅक्सऐवजी तिकिटातून, आणि ते मला मान्य आहे कारण ज्याला खेळ बघायचाय तोच पैसे देतोय. पण खासगी म्हटलेल्या इमारतीला सरकार दुसऱ्या दाराने बरंच काही देत असतं, रस्ते, स्टेशन, टॅक्समाफी. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन खासगी मालकीचं आहे आणि 1982 पासून त्याला प्रॉपर्टी टॅक्स माफ आहे, वर्षाला कोट्यवधी डॉलरची माफी, चाळीसहून जास्त वर्षं. तेव्हा खासगी हा शब्द दिसला की लगेच निर्धास्त होऊ नका.

जुनं अरेना म्हणजे नुसतं लोढणं असतं असंही नाही, कधी कधी ते नव्याचं तगडं प्रतिस्पर्धी असतं. लॉस एंजेलिसजवळ इंगलवूडमध्ये द फोरम आहे, 1967 चं, गोल, बाहेरून खांबच खांब. लेकर्स ही बास्केटबॉल टीम 1999 मध्ये तिथून गेली, मग एका चर्चने ते विकत घेतलं, मग 2012 मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनवाल्या कंपनीने 2 कोटी 35 लाख डॉलरला घेतलं, दुरुस्त केलं आणि मुख्यतः गाण्याच्या कार्यक्रमांसाठी चालवायला लागले, उत्तम चाललं. तेवढ्यात क्लिपर्स या दुसऱ्या बास्केटबॉल टीमचे मालक स्टीव्ह बामर यांनी त्याच गावात स्वतःच्या पैशातून नवं अरेना बांधायचं ठरवलं. फोरमवाले कोर्टात गेले, वर्षानुवर्षं खटले चालले, शेवटी 2020 मध्ये बामर यांनी 40 कोटी डॉलर देऊन फोरमच विकत घेतलं आणि खटले संपले. नवं इंट्युइट डोम 2024 मध्ये उघडलं, खर्च साधारण 2 अब्ज. आता दोन्ही एकाच मालकाची आहेत आणि फोरममध्ये अजून कॉन्सर्ट होतात. बामर यांच्याकडे तेवढा पैसा होता म्हणून हा मार्ग निघाला. जिथे मालकाकडे एवढा पैसा नसतो आणि जुनं अरेना शहराच्या मालकीचं असतं तिथे काय होतं, तर नवं अरेना जुन्याचे सगळे कार्यक्रम ओढून नेतं आणि शहराच्या हातात लाइट बिल राहतं.

म्हणूनच मला सिएटलची दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, किंगडोमची नाही, ‘की अरेना’ नावाच्या इमारतीची. ही इमारत मूळ 1962 च्या वर्ल्ड फेअरसाठी बांधलेली, छप्पर असं की लांबून ओळखू यावं. 1990 च्या दशकात तिचं एकदा मोठं काम झालं आणि 1995 मध्ये ती नव्याने उघडली, तरी 2008 मध्ये बास्केटबॉल टीम सॉनिक्स ओक्लाहोमा सिटीला निघून गेली. त्याआधी 2006 मध्ये सिएटलच्या मतदारांनी एक नियमच पास केला होता की शहराने खेळाच्या इमारतीत पैसे घातले तर त्यावर सरकारी रोख्यांइतका तरी परतावा मिळालाच पाहिजे. मग ख्रिस हॅन्सन नावाचे गुंतवणूकदार आले, शहराच्या दक्षिण भागात जमीन घेतली, 2012 मध्ये 49 कोटी डॉलरच्या अरेनाचा करार झाला, त्यात 20 कोटींपर्यंत सार्वजनिक बाँड. 2016 च्या मे महिन्यात एक रस्ता त्यांना द्यायचा की नाही यावर कौन्सिलमध्ये मतदान झालं आणि 5 विरुद्ध 4 ने प्रस्ताव पडला. मग ऑक्टोबरमध्ये त्यांनी सांगितलं, सार्वजनिक पैसा नकोच, सगळं खासगीतून करतो.

इथे बहुतेक शहरं हो म्हणून मोकळी झाली असती. पण ‘की अरेना’ शहराचंच होतं ना, शेजारी नवंकोरं अरेना आलं असतं तर याला कुणी विचारलं असतं? शहराने उलटा विचार केला आणि खासगी कंपन्यांना विचारलं की आमचं जुनंच कोण नवं करून देतं. ओक व्ह्यू ग्रुप या कंपनीला काम मिळालं, आणि त्यांनी जे केलं ते अचाट आहे. छप्पर वारसा म्हणून संरक्षित, त्याला हात लावायचा नाही, म्हणून त्यांनी छप्पर तात्पुरत्या पोलादी खांबांवर जागच्या जागी पेललं, सुमारे 2 कोटी किलो वजन, आणि त्याच्या खालची सगळी इमारत काढून टाकून जमीन आणखी खोल खोदत गेले. त्या कामाचे फोटो बघा कधी, वर ते प्रचंड छप्पर तरंगतंय आणि खाली खड्ड्यात माती उपसणारी यंत्रं फिरतायत, मी ते फोटो किती वेळ बघत बसले होते. ऑक्टोबर 2021 मध्ये क्लायमेट प्लेज अरेना म्हणून ते उघडलं, खर्च 1 अब्ज डॉलरच्या वर, पैसा खासगी, इमारत अजूनही शहराची, कंपनीकडे 39 वर्षांची लीज. ज्यांना दक्षिणेकडचं अरेना हवं होतं ते नाराज झाले आणि त्यांची बाजू मला कळते, इतकी वर्षं टीमची वाट बघितलेली माणसं होती ती. तरीही मला वाटतं शहराने केलं ते बरोबर केलं, कारण खासगी पैसा आणि जुनी इमारत हे दोन्ही प्रश्न त्यांनी एकत्र सोडवले.

सगळीकडे असं जमत नाही हे मान्य. काही ठिकाणी खेळ जातो पण इमारत दुसऱ्या कामाला लागते, आणि त्यातही चांगलं वाईट असतं. टोरंटोचं मेपल लीफ गार्डन्स 1931 मध्ये ऐन मंदीत सहा महिन्यांच्या आत बांधलं होतं, पैसे कमी पडले तेव्हा कामगारांनी मजुरीचा काही भाग शेअर्सच्या रूपात घेतला होता. म्हणजे बघा, खासगी पैसा उभा करणं हे काही आजचं नाही, आणि तेव्हा त्यात गवंडी आणि सुतारही होते. हॉकी टीम 1999 मध्ये गेली. आता तळमजल्यावर सुपरमार्केट आहे, वरच्या मजल्यावर विद्यापीठाचं बर्फाचं मैदान आहे, आणि खाली दुकानात शेल्फांच्या रांगांमध्ये फरशीवर एक लाल ठिपका आहे, जुन्या मैदानाचा मध्यबिंदू तिथे होता. लंडनमध्ये आर्सेनल या फुटबॉल क्लबने 2006 मध्ये हायबरी हे जुनं स्टेडियम सोडलं, तिथे आता 700 च्या वर फ्लॅट आहेत, दोन जुन्या स्टँडचे दर्शनी भाग तसेच ठेवलेत आणि पिचच्या जागी बाग आहे. एमिरेट्स या नव्या स्टेडियमसाठी क्लबने 26 कोटी पाउंड कर्ज काढलं होतं, 2005 नंतर थेट 2014 मध्येच पुढची मोठी ट्रॉफी मिळाली, चांगले चांगले खेळाडू विकावे लागले. कर्ज फेडण्याची झळ क्लबने आणि चाहत्यांनी सोसली, शहराने नाही, आणि जुन्या जागेत लोक राहतायत. याला मी प्रामाणिक खासगी काम म्हणेन.

आणि उलट टोकाला अमेरिकेत मिशिगनमधलं पाँटियाक सिल्व्हरडोम. 1975 मध्ये साडेपाच कोटी डॉलर खर्चून बांधलेलं, टीम गेल्यावर शहराला सांभाळवेना, 2009 मध्ये लिलावात 5,83,000 डॉलरला गेलं. मग छप्पर फाटलं, आत पाणी साचलं, आणि 2017 मध्ये पाडायला सुरुंग लावले तर पहिल्या दिवशी ते पडलंच नाही, दुसऱ्या दिवशी परत लावावे लागले. ह्यूस्टनचं ॲस्ट्रोडोम तर धड पाडलंही नाही आणि वापरातही नाही, 2013 मध्ये 21.7 कोटी डॉलरच्या नूतनीकरणाला मतदारांनी नकार दिला, 2017 मध्ये त्याला वारसा दर्जा मिळाला, नव्या स्टेडियमच्या शेजारी ते नुसतं उभं आहे.

खाणीच्या बाबतीत अनेक देशांत नियम आहे की खोदायच्या आधीच जमीन पूर्ववत करायची हमी रक्कम भरून ठेवायची. स्टेडियमला हे का नको? नव्या अरेनाला परवानगी देतानाच जुन्यावरचं कर्ज कोण फेडणार, पाडायचं तर खर्च कुणाचा, तिथे दुसरे कार्यक्रम करू देणार की नाही, जमिनीचं काय होणार हे कलमं घालून लिहून घ्या आणि त्यासाठी पैसे बाजूला काढून ठेवायला लावा. आणि नव्याच्या करारातही तेच कलम हवं, कारण तीस वर्षांनी तेही जुनंच होणार, अटलांटाचं जॉर्जिया डोम 1992 मध्ये उघडलं आणि 2017 मध्ये पाडलं सुद्धा. मालक म्हणतील यामुळे प्रकल्प परवडणार नाही. पण वॉरियर्सचंच गणित करून बघा, 1.4 अब्जाच्या इमारतीपुढे ते 4 कोटी म्हणजे तीन टक्के सुद्धा होत नाहीत.